पॅडल काय सांगतंय ते आधी ऐका: जुन्या गाडीच्या ब्रेकची प्रश्नोत्तरं

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न ब्रेकचेच आहेत, पावसाळा संपत आला की दरवर्षी असंच होतं. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीत लोखंड सहसा दगा देत नाही, दगा देतं ते रबर आणि ऑइल, आणि आपण मात्र प्रत्येक वेळी पॅड बदलून येतो.

प्रश्न : २००८ ची अल्टो आहे. ब्रेक दाबला की पॅडल बरंच खाली जातं, दोन-तीनदा मारलं की वर येतं. गॅरेजवाल्याने पॅड बदलले, ८ दिवस झाले, फरक शून्य.

फरक पडणारच नव्हता. आता एक करा, गाडी उभी करून पॅडल दोन-तीनदा मारा आणि पाय तसाच दाबून ठेवा. वर आलेलं पॅडल स्पंजसारखं लिबलिबीत लागत असेल तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. कडक लागतंय, फक्त पहिल्या दाबाला खाली जातं, तर मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासणारे पट्टे) झिजून लांब गेलेत आणि त्यांचं अ‍ॅडजस्टमेंट व्हायला हवं, हे काम गॅरेजमध्ये हमखास राहतं कारण पुढची डिस्क दिसते, मागचा ड्रम उघडायला लागतो. आणि पाय दाबून धरलेला असताना पॅडल हळूहळू स्वतःहून खाली सरकत असेल आणि बाहेर कुठे थेंबही नसेल तर मास्टर सिलिंडरचे (पॅडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) रबरी वॉशर गेले, मग गाडी चालवूच नका. बाहेरचं लीकही बघाच, मागच्या चाकाची आतली बाजू ओलसर दिसली तर व्हील सिलिंडर (ड्रममधला शू ढकलणारा) गळतोय.

हवा काढायची वेळ आली तर जुन्या गाडीत पॅडल पार खालपर्यंत दणादण दाबायचं नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. रोजच्या वापरात पिस्टन जिथवर जातो त्याच्या पुढचा सिलिंडरचा भाग वर्षानुवर्षं कोरा असतो, तिथे गंज धरलेला असतो, वॉशर त्यावरून गेला की फाटतो. म्हणजे हवा काढायला गेलात आणि मास्टर सिलिंडर घेऊन आलात. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, काम झालं.

प्रश्न : महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरत होतो, गाडीत पाच जण. अर्ध्यावर जळका वास आला आणि पॅडल एकदम खाली गेलं. कसंबसं थांबलो. अर्ध्या तासाने ब्रेक ठीक! मेकॅनिक म्हणतो काहीच खराबी नाही.

थांबलात हेच खूप झालं. खराबी आहे, ती थंड झाल्यावर दिसत नाही इतकंच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आपल्या कोकणात तर विचारूच नका. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, तेच पाणी मुरलेलं असलं की मर्यादा १४० च्या आसपास येते (डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५). सतत ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरलात की उष्णता कॅलिपरमधून (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ऑइलपर्यंत पोचते, ऑइल उकळतं, वाफ दबते, पॅडल खाली. थंड झालं की वाफेचं परत पाणी आणि सगळं छान छान.

पॅडल कडक राहिलं पण गाडी थांबत नाही, असं असतं तर ते पॅड तापल्याचं लक्षण, तुमचं तसं नाही. तेव्हा सगळं जुनं ऑइल काढून नवं भरा, नुसता वरून टॉपअप करून उपयोग नाही, आणि पुढे दर दोन वर्षांनी बदला. एखादं चाक कायम घासत तर नाही ना तेही तपासा. आणि घाट उतरताना गाडी दुसऱ्या गियरमध्ये ठेवा हो, पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे अजूनही भेटतात, त्यांना हात जोडतो. पुन्हा असं झालंच तर पॅडल भराभर पंप करा, गियर खाली टाका, हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा, झटक्यात नाही.

प्रश्न : ब्रेक मारला की वॅगन आर उजवीकडे ओढते. अलाइनमेंट दोनदा करून झाली.

अलाइनमेंट सोडा. उजवीकडे ओढते म्हणजे बहुधा डावा ब्रेक कमी लागतोय. डाव्या कॅलिपरचा पिस्टन नाहीतर तो ज्यांवर सरकतो त्या पिना जाम असतील, किंवा पॅडला ऑइल-ग्रीस लागलं असेल. पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावा, बेअरिंगचं नको, रबर फुगतं.

पण ब्रेक सोडल्यावरही ओढत असेल आणि एकच चाक तापत असेल (डिस्कला बोट लावू नका, हात जवळ नेला तरी कळतं) तर होज पाइपवर (कॅलिपरला ऑइल नेणारी रबरी नळी) संशय घ्या. बाहेरून धडधाकट दिसतो, आतून फुगलेला असतो, दाब जातो पण परत येत नाही. जॅकवर घेऊन कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल जरासं उघडा. चाक मोकळं झालं तर दोष होजमध्ये किंवा त्याच्या वर, नाही झालं तर कॅलिपर. होज बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदला.

प्रश्न : काका, दोन आठवडे गावाला होतो, गाडी पावसात हँडब्रेक लावून उभी होती. आता मागचं चाक फिरतच नाही.

अरे, शू ड्रमला चिकटलाय. हँडब्रेक सोड, गाडी थोडी पुढे-मागे करून बघ, जोर नको. नाही सुटलं तर पुढच्या चाकांना दगड लाव आणि मागच्या ड्रमवर हातोडीने हलके ठोके मार. तरीही नाही तर हँडब्रेकची केबल आत गंजलीय, ती बदलावी लागेल. पुढच्या वेळी सपाटीवर गियरमध्ये उभी कर, चाकाला दगड लाव, हँडब्रेक सोडून ठेव.

प्रश्न : वडिलांच्या पद्मिनीत ब्रेक ऑइल कमी होतं म्हणून घरातलं इंजिन ऑइल घातलं. थोडंसंच. चालेल ना?

नाही चालणार. थोडंसं पण नाही. गाडी जागेवरून हलवू नका. इंजिन ऑइलने ब्रेकचं रबर फुगतं, आणि पद्मिनीला चारही चाकांना ड्रम, म्हणजे मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, सगळे होज, जिथे जिथे रबर तिथे तिथे बदल. लोखंडी पाइप ब्रेक क्लीनरने धुवायचे, पेट्रोलने नाही. मी शिकाऊ असताना हेच केलं होतं, फक्त गिऱ्हाइकाच्या गाडीत, उस्तादाने दोन महिन्यांचा पगार कापला. आणि डबीतलं ब्रेक ऑइल कमी का झालं होतं ते आधी शोधा, ऑइल हवेत उडून जात नाही.