एआय असिस्टंट सर्व्हिस लेयर पाळत नाही, काय करू?

प्रश्न : साताऱ्यात आमची छोटी टीम पतसंस्थांसाठी जँगोमध्ये (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये) सॉफ्टवेअर बनवते. डेटाबेसचं काम सर्व्हिस लेयरमधूनच (त्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कोडमधूनच) करायचं, व्ह्यूमध्ये (वापरणाऱ्याच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये) क्वेरी लिहायची नाही, हा आमचा जुना नियम. एआय असिस्टंट आल्यापासून तो सतत मोडतोय. सूचनांची फाईल चारशे ओळींची झाली, तरी व्ह्यूत मॉडेल (डेटाबेसच्या तक्त्याचं कोडमधलं रूप) इम्पोर्ट झालेलं सापडतंच. सूचना आणखी कडक कशा लिहू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आणखी कडक लिहू नका, उलट ती फाईल पन्नासेक ओळींवर आणा. नाव क्लॉड डॉट एमडी असो की एजंट्स डॉट एमडी, ती फाईल म्हणजे असिस्टंटला वाचायला दिलेला मजकूर. तो पाळलाच जाईल याची सक्ती त्यात नसते आणि चारशे ओळींत महत्त्वाची ओळ हरवते. शिवाय व्ह्यूमधून थेट क्वेरी ही जँगोच्या जगातली सर्रास पद्धत आहे. अधिकृत ट्यूटोरियलमधला व्ह्यूसुद्धा मॉडेल थेट इम्पोर्ट करतो. तुमचा नियम त्या वहिवाटीच्या विरुद्ध जातो, म्हणून त्याचं कारण सांगावं लागतं. 'कर्जाची नोंद सर्व्हिसमधूनच बदला, कारण ऑडिट लॉग (कोणी काय बदललं याची नोंद) तिथेच लिहिला जातो' असं लिहा आणि तुमची सगळ्यात नीट लिहिलेली सर्व्हिस फाईल नमुना म्हणून नावानिशी दाखवा.

पण खरा भरवसा तपासणीवर ठेवा. कोडच्या कोणत्या भागाने काय इम्पोर्ट करायचं नाही, हे तपासणारं इम्पोर्ट लिंटर हे साधन पायथनसाठी आहे (जावावाल्यांना आर्कयुनिट). त्यात 'फॉरबिडन' प्रकारचा करार लिहा : व्ह्यूंनी मॉडेल्स इम्पोर्ट करायची नाहीत. इथे एक खाच आहे. हा करार आडून आलेले इम्पोर्टही धरतो, त्यामुळे व्ह्यू ते सर्व्हिस ते मॉडेल हा तुमचा रीतसर रस्तासुद्धा चूक ठरतो. 'अलाऊ इनडायरेक्ट इम्पोर्ट्स' ट्रू केलं की फक्त थेट इम्पोर्ट अडतात. लेयर्स प्रकारचा करार या कामाला पुरत नाही, कारण वरच्या थराने मधला थर ओलांडून खालचा इम्पोर्ट केलेला त्याला चालतो.

ही तपासणी सीआयमध्ये (कोड जमा करताना आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत) ठेवाच, पण असिस्टंटलाही काम संपवण्याआधी ती चालवायला सांगा. कोणत्या फाईलने काय इम्पोर्ट केलं ते त्यात ओळीसकट दिसतं, आणि एवढं समोर आलं की तो बहुतेकदा स्वतःच दुरुस्त करतो. जुन्या कोडमधले अपवाद 'इग्नोर इम्पोर्ट्स'च्या यादीत टाकता येतात. या यादीवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. तपासणी पास व्हावी म्हणून असिस्टंट त्या यादीतच एक ओळ वाढवून मोकळा होऊ शकतो. गिटहबवर असाल तर कोडओनर्समध्ये (कोणती फाईल कोणाच्या जबाबदारीची, ते नोंदवणाऱ्या फाईलमध्ये) ही यादी असलेली फाईल टीममधल्या जाणत्या माणसाच्या नावावर करा आणि त्याच्या मंजुरीशिवाय मर्ज होणार नाही, अशी ब्रँचची सेटिंग ठेवा.

एक गोष्ट यातूनही निसटते. सभासदाचा ऑब्जेक्ट सर्व्हिसकडून व्ह्यूत आला, की त्याच्यावरून 'लोन अंडरस्कोर सेट डॉट फिल्टर' लिहायला कुठलाच इम्पोर्ट लागत नाही. क्वेरी व्ह्यूत होते आणि लिंटर गप्प राहतो. पतसंस्थेच्या हिशोबात हे मला अजिबात चालणार नाही. त्यामुळे सर्व्हिसमधून मॉडेलचा ऑब्जेक्ट न देता साधा डेटाक्लास (नुसती माहिती ठेवणारा ऑब्जेक्ट) परत द्या. जिथे ते लगेच जमणार नाही, तिथे रिव्ह्यू करताना व्ह्यू फाईलमध्ये 'डॉट फिल्टर' आणि 'डॉट सेव्ह' आधी शोधा, बाकीचा कोड मग वाचा.