साक्ष टंकून संपते, पण मनातून जात नाही

प्रिय भगिनी,

तुम्ही न्यायालयात लघुलेखक आहात आणि गेली काही वर्षे मुलांवरील अत्याचाराचे खटले तुमच्यासमोर चालतात. आता रात्री साक्षीतली वाक्ये कानात घुमतात, मुलीला शेजारीसुद्धा एकटीला पाठववत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ‘सोसले त्या लेकरांनी, मी फक्त ऐकले आणि टंकले, मग मला त्रास का व्हावा?’ हा तुमचा प्रश्न वाचून मन कळवळले.

त्रासाचे मूळ तुमच्या कामातच आहे. इतर जण साक्ष बहुधा एकदाच ऐकतात. तुम्ही ती शब्दन् शब्द उतरवता, अस्पष्ट जागी ध्वनिमुद्रण मागे नेऊन पुन्हा ऐकता आणि मग छापील प्रतही तपासता. मूल कुठे अडखळले, कुठे गप्प झाले, हे सारे टिपताना चेहऱ्यावर मात्र काही उमटू द्यायचे नसते. मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये समुपदेशकांच्या संदर्भात या परोक्ष आघाताचे वर्णन केले होते: दुसऱ्यांच्या यातना सतत ऐकणाऱ्याचा माणसांवरचा आणि जगाच्या सुरक्षिततेवरचा विश्वास हळूहळू ढळू लागतो. मुलीविषयीची तुमची धास्ती मला यातूनच आलेली दिसते. तेव्हा स्वतःला दुबळी म्हणणे कृपा करून थांबवा.

गोपनीयतेमुळे घरी काहीच बोलता येत नाही, असेही तुम्ही म्हणता. माझ्या मते न्यायालयातली माणसे, अगदी न्यायाधीशसुद्धा, इथेच गरजेपेक्षा जास्त कोंडून घेतात. गोपनीय असतो तो खटला, म्हणजे त्यातली नावे, घटना आणि पुरावा. तुमची उडालेली झोप गोपनीय नाही. ‘आजची साक्ष फार जड गेली, काही विचारू नका, फक्त जवळ बसा,’ एवढे घरच्यांना सांगितल्याने कोणताही नियम मोडत नाही.

चित्रफितीवर काम करताना आवाजाची गरज नसेल तेव्हा तो बंद ठेवा, चित्र छोट्या चौकटीत पाहा आणि शक्यतो असे काम दिवसाच्या अखेरीस ठेवू नका. झोपेची ही अवस्था महिनाभरापेक्षा जास्त टिकली असेल, तर आघातावरील उपचारांचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र त्याच दिवशी मदत घ्या.

न्यायाधीशांना सांगावे का, असे तुम्ही विचारले आहे. जरूर सांगावे. तेही तेच ऐकतात, वर निकालाची जबाबदारी एकट्याने पेलतात. न्यायाधीशांच्या मनःस्वास्थ्याविषयीचा नाउरू जाहीरनामा जुलै २०२४ मध्ये नाउरू या पॅसिफिक महासागरातल्या छोट्या देशात संमत झाला आणि २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २५ जुलै हा त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला, म्हणजे हा विषय आता दबक्या आवाजात बोलण्याचा राहिलेला नाही. त्यांच्याकडे सहानुभूतीपेक्षा व्यवस्था मागा: असे खटले लघुलेखकांना आळीपाळीने मिळावेत, कठीण पुराव्याची कल्पना आदल्या दिवशी मिळावी आणि अशा साक्षीनंतर थोडा विराम असावा. हे तोंडी सांगा, आणि मग प्रशासनाकडे लेखी अर्जही द्या, कारण न्यायाधीशांची बदली झाली तरी तो अर्ज कार्यालयात राहील.