फोटोशंका: दोघी मैत्रिणीच वाटतायत, काय करू?

प्रश्न: मी सहा वर्षं लग्नाचे आणि प्री-वेडिंगचे फोटो काढतोय. आता पहिल्यांदाच दोन मुलींचं कपल शूट घेतलंय, बरीच वर्षं एकत्र राहतात त्या. अर्धा तास ट्रायल घेतली, फोटो चांगले आले पण बघणाऱ्याला कॉलेजच्या मैत्रिणी वाटतील असे. माझ्या पाठ असलेल्या सगळ्या पोझ मुलगा-मुलीच्या, त्यात कोणाला कुठे उभं करू?

उत्तर: मैत्रिणींचे फोटो आठवून बघा जरा. डोक्याला डोकं टेकवलेलं, दोघींचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि कमरेखाली हातभर फट. जोडप्याचं बरोबर उलटं असतं, चेहरे लांब असले तरी चालतं, पण कुठेतरी एकीने आपला भार दुसरीवर टाकलेला असतो, गुडघा, पाठ, कोपर, काहीही. तुमच्या ट्रायलचे फोटो न बघताच सांगते, दोघी स्वतःच्या पायावर सरळ उभ्या असणार आणि हात कुठे ठेवायचे ते कोणाला कळलेलं नसणार! तर आधी एकीला भिंतीला टेकवा, दुसरीला तिला टेकू दे, मग बघा.

पोझचं म्हणाल तर उंच मागे, बुटका पुढे, एकाने खाली बघायचं, दुसऱ्याने वर, हे आपल्या हातात इतकं बसलंय की त्यात कोण कोणाला सांभाळतंय हे आपणच आधी ठरवून टाकतो हे लक्षातही येत नाही. यांच्यात ते तसं असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक पोझ दोनदा घ्यायची, जागा बदलून. एका वेळेला दोघींचे खांदे आपोआप खाली येतात, ती खरी. कधी दोन्हींतही येत नाहीत, मग सोडून द्या ती पोझ. उंचीत फार फरक असेल तर उंच असेल तिला बसवा, प्रश्नच मिटतो. आणि "तुमच्यात नवरा कोण" हे गंमतीतही विचारू नका. मी स्वतः एकदा दोन मुलांच्या शूटला सवयीने "आता तिच्या कमरेत हात घाल" बोलून बसले, दोघं हसले खरे पण पुढची दहा मिनिटं जो अवघडलेपणा आला तो प्रत्येक फ्रेममध्ये दिसत होता.

पोझ सांगण्यापेक्षा काम द्या. बाही दुमडून दे, कानातलं घालून दे, केसात अडकलेलं काढ. एवढी वर्षं एकत्र राहिलेल्या माणसांचे हात ही कामं न बघता करतात आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय. काम संपलं असं त्यांना वाटतं ना, त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत शटर दाबा. जागा त्यांनाच विचारा, घरात कुठे बसता, कोण कुठल्या बाजूला. बाहेर चारचौघात हात धरायच्या आधी इकडे तिकडे बघून घ्यायची सवय अनेक जोडप्यांना लागलेली असते आणि ती नजर फोटोत उतरते, मग आपल्याला वाटतं की केमिस्ट्रीच नाही.

थोडं टेक्निकल. फुल फ्रेमवर (म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ एमएमची लेन्स, एफ १.८ (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडं), दोन मीटरवरून काढलात तर फोकसमध्ये पुढून मागे जेमतेम ६ सेंटिमीटर खोली मिळते, म्हणजे एकीचा डोळा शार्प आणि मागचीचा चेहरा गेला. एकच माणूस असेल तर चालेल, पण इथे एक धूसर झाली की ती आपोआप दुय्यम वाटते. एफ ४ वर साधारण १३ सेंटिमीटर मिळतात, नाहीतर दोघींचे चेहरे सेन्सरला समांतर एका रेषेत आणा. दोघींनी एकाच गडद रंगाचे कपडे घातले (दोन काळे सूट घातलेल्या मुलांचं तर हमखास होतं) की मिठीत एकच काळा गोळा दिसतो, मग मागून तिरका लाइट द्या म्हणजे खांद्याची कड सुटते, किंवा सरळ एकाचं जॅकेट उतरवा. दोघींच्या त्वचेच्या रंगात फरक असेल तर जास्त सावळी असेल तिला खिडकीजवळ घ्या, एडिटिंगमध्ये उजळवत बसू नका प्लीज.

प्रश्न: माझ्या मित्राला त्याच्या जोडीदारासोबत पोर्ट्रेट हवंय पण एकाच्या घरी माहीत नाही. चेहरा ब्लर केला तर चालेल का?

उत्तर: नको. ब्लर केलेला चेहरा गुन्ह्याच्या बातमीतला वाटतो आणि मूळ फाइल तर तशीच राहते. काढतानाच चेहरा नको असं ठरवा, पाठी, सावल्या, दुधी काचेपलीकडच्या आकृत्या, एकमेकांत गुंतलेले हात. छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी १९८६-८७ मध्ये दिल्लीतल्या समलिंगी पुरुषांचे फोटो काढले त्यात बऱ्याच जणांचे चेहरे दिसत नाहीत, तरी त्या माणसांचं एकटेपण आणि जवळीक दोन्ही पोचतं. बाकी ओळख चेहऱ्यानेच पटते असं नाही, टॅटू, अंगठी, रोजचं घड्याळ, खिडकीतून दिसणारी समोरची बिल्डिंग, सगळं तपासा. फोनवर काढत असाल तर लोकेशन आणि ऑटो बॅकअप आधी बंद. परवानगी दोघांकडून वेगवेगळी आणि लेखी घ्या, घरच्या अल्बमसाठी वेगळी, पोर्टफोलिओसाठी वेगळी, कारण जोडीदारासमोर "नको" म्हणणं जड जातं. उद्या एकाने काढून टाक म्हटलं तर कारण न विचारता काढायचं.

प्रश्न: बुकिंगच्या फॉर्मवर वर आणि वधू असे दोन रकाने आहेत, तिथे काय करू?

उत्तर: "पहिलं नाव, दुसरं नाव" करा. आणि कोणाला कसं संबोधायचं याचा एक रकाना वाढवा, तेवढ्याने माझ्यासारखी फजिती टळेल.