पासंग: तराजूचा आणि ताऱ्यांचा

विट्याच्या एका विज्ञानशिक्षिकांनी विचारलं आहे: ताऱ्यांचं एकूण तेज कसं मोजतात हे शिकवताना 'कॅलिब्रेशन'ला, म्हणजे माप प्रमाणाशी जुळवून घेण्याला, 'अंशशोधन' म्हटलं, तर मुलांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. 'पासंग' म्हटलं तर चालेल का?

चालेल, पण त्यातल्या एकाच कामाला. तिथे मात्र तो चपखल बसतो.

'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असं आपण सहज म्हणतो, पण पासंग पाहिलेली माणसं आता थोडी. सांगलीत गणपती पेठेतल्या आमच्या दुकानात वडील पहिल्या गिऱ्हाइकाआधी रिकामा तराजू उचलून धरायचे. काटा कलला, तर हलक्या पारड्याच्या साखळीला सुतळीनं खडा बांधायचे. तो खडा म्हणजे पासंग. फारसीत संग म्हणजे दगड. संगमरवरातला संग तोच. माल पारड्यात पडण्याआधी शून्य खरं करायचं, एवढंच त्याचं काम.

ताऱ्यांच्या बाबतीत घोळ इथेच होता. दिसणारा प्रकाश, अवरक्त, अतिनील असं सगळं धरून एकूण तेजाची प्रत, म्हणजे तेज सांगणारा आकडा, काढताना आधार सूर्याचा. पण सूर्याची निरपेक्ष प्रत (सगळे तारे सारख्याच अंतरावर धरून काढलेली) कुणी 4.72 धरायचं, कुणी 4.75. एवढ्यानं तेजात जवळपास 3 टक्के फरक पडतो. दर दुकानात वेगळा पासंग! 2015 साली होनोलुलूच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं शून्य प्रत थेट वॅटमध्ये बांधून दिली: 3.0128 गुणिले 10 चा 28वा घात. त्या हिशेबात सूर्य 4.74 भरतो.

'बोलोमेट्रिक करेक्शन'ला, म्हणजे दिसलेल्या तेजावरून एकूण तेज काढण्याच्या दुरुस्तीला, मात्र पासंग म्हणू नका. तिथे तराजू नीटच असतो, सगळा माल पारड्यात आलेला नसतो. मृगातल्या काक्षीसारख्या थंड, तांबड्या ताऱ्याचं बहुतेक प्रारण अवरक्तात जातं. डोळ्याला दिसलेल्या भागावर तापमानाच्या अंदाजानं उरलेला भाग चढवायचा. याला 'शुद्धी' बरा.

आणखी एक शब्द सुचवतो. तेल घेताना रिकामं भांडं आधी तोलून धडा करतात ना? ताऱ्याची नोंद घेतानाही शेजारच्या रिकाम्या आकाशाचा उजेड मोजून वजा करतात. तो धडाच. फक्त वर्गात 'धडा करणे' असं पूर्ण म्हणा, नाहीतर मुलं पुस्तक उघडतील.