वाचक विचारतात : कॉइलच्या ब्रॅकेटचा मूळ रंग कसा शोधायचा?

प्रश्न : जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन पाहिलं आणि बाबांची १९६४ ची मार्क-टू ॲम्बेसेडर पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं. इंजिन चालू झालंय. अडलंय ते इग्निशनच्या, म्हणजे स्पार्क पाडणाऱ्या भागांच्या रंगावर. कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) धरणाऱ्या ब्रॅकेटवर वरून चंदेरी, त्याखाली काळा आणि अगदी आत करडा असे थर दिसतात. मेकॅनिक म्हणतो, डिस्ट्रिब्युटरसकट (हा प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं स्पार्क पोचवतो) सगळं काळं मारून टाकू. दुकानात मशीनवर जुळवून आणलेला करडा लावला, तर निळसर दिसतो. काय करू?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : सगळं काळं तर मुळीच करू नका. डिस्ट्रिब्युटरची बॉडी ॲल्युमिनियमच्या ओतीव मिश्रधातूची असते आणि ती उघडीच शोभते. रॉकेल आणि मऊ ब्रशनं धुवा, पुसा, तिथेच थांबा. तिची अर्थिंग इंजिनच्या ब्लॉकमधून होते. बसायच्या जागेवर रंग चढला तर पॉइंटला (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचला) नीट अर्थ मिळत नाही आणि मग गाडी मिसिंग का करते ते शोधत बसावं लागतं.

आता करड्याकडे येऊ. ब्रॅकेट काढा आणि कॉइलच्या पट्ट्याखाली दडलेली जागा पाहा. तिथे ना ऊन पोचलेलं असतं, ना नंतरच्या कारागिराचा ब्रश. रुपयाच्या नाण्याएवढी जागा आधी ८०० च्या आणि मग १२०० च्या वॉटर पेपरनं, पाणी लावून, गोल गोल घासा. बोटाला जोर देऊ नका. थर कड्यांसारखे उघडतात : बाहेर चंदेरी, मग काळा, मग करडा, मधोमध पत्रा. पत्र्याला चिकटलेलं कडं निस्तेज आणि खडूसारखं असेल, तर तो प्रायमर. त्याच्या बाहेर गुळगुळीत, चमक धरणारं कडं असेल, तर तो फॅक्टरीचा रंग. तुमच्याकडे करडा एकच थर आहे का दोन, हे याच जागी कळेल. दुकानात प्रायमरच जुळवला गेला असणं अगदी शक्य आहे.

त्या कड्यावर थोडं रबिंग कंपाउंड फिरवा, म्हणजे वरची मेलेली साय निघेल. पण लगेच शेड ठरवू नका. जुनं एनॅमल अंधारात पिवळं पडतं, त्यामुळे पट्ट्याखालचा फिका करडा मुळात होता त्यापेक्षा मळकट दिसतो. ब्रॅकेट गच्चीवर उन्हात काही दिवस ठेवा, त्यातला बराचसा पिवळेपणा उतरतो. इंजिनच्या उष्णतेनं करपलेला भाग मात्र परत येत नाही, तो जुळवणीला घेऊच नका.

दुकानातल्या रंग मोजणाऱ्या मशीनला दोष देऊ नका. त्याचं तोंड सपाट पृष्ठभागावर घट्ट बसावं लागतं. ब्रॅकेटच्या वाकावर फट राहिली की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा चुकतो. शिवाय दुकानातल्या ट्यूबलाइटखाली एक दिसणारे दोन करडे उन्हात वेगळे निघतात, कारण त्यांत घातलेली रंगद्रव्यं वेगळी असतात. आपल्याकडे आयएस ५ या मानकात एनॅमलच्या छटांना क्रमांक आहेत. स्मोक ग्रे ६९२, लाइट ॲडमिरल्टी ग्रे ६९७, डार्क ॲडमिरल्टी ग्रे ६३२ या तिन्हींचे नमुने ब्रॅकेटशेजारी धरा, जवळचा उचला आणि तिथून हातानं शेड मारून, म्हणजे रंग मिसळून छटा जुळवून घ्या. १८९० पासून ज्या गावात कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेनं रंगाईचं शिक्षण दिलं, तिथे डोळ्यानं शेड मारणारा जुना कारागीर अजून भेटतो. रावपुऱ्यात विचारा. त्याच्याकडे ब्रॅकेट घेऊन सकाळी जा आणि नमुना दुकानाबाहेर, सावलीत, आभाळाच्या उजेडात बघा.

नमुना कागदावर लावू नका. तशाच पत्र्याच्या तुकड्यावर, तोच प्रायमर मारून लावा आणि पूर्ण वाळू द्या. ओला रंग फसवतो. चमकही जुळली पाहिजे. आजचं चकचकीत एनॅमल त्या जागी उपरं वाटतं, तेव्हा चमक कमी करणारं मॅटिंग थोडं घाला. आणि ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला मूळ रंगाचा एक चौकोन न रंगवता सोडा. पुढे कुणाला पुन्हा जुळवायचा झाला, तर पुरावा हाताशी राहील. माझा याबाबत फार आग्रह असतो.

प्रश्न : डिस्ट्रिब्युटरची कॅप तपकिरी, फिकी पडलीय. काळा स्प्रे मारला तर चालेल का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर : नाही. काळ्या रंगात बहुतेक कार्बन असतो आणि कार्बनमधून करंट वाहतो. हजारो व्होल्टचा स्पार्क त्या थरातून वाट काढतो आणि कॅप जळते. आतून स्पिरिटनं पुसा आणि उजेडात धरून पाहा. दोन टर्मिनलांमध्ये केसासारखी काळी रेघ दिसली, तर कॅप बदला. रेघ नसेल, तर फिकी कॅप तशीच बसवा.