शेजाऱ्यांना सांगायचं की नाही?

गे किंवा लेस्बियन पालक माझ्याकडे काउन्सेलिंगला येतात तेव्हा एक वाक्य हमखास येतं, मॅडम आमचं ठीक आहे हो, पण आमच्यामुळे मुलाला त्रास झाला तर? ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक केस सांगते.

चाळिशीतला बाबा. घटस्फोट झालेला, आठ वर्षांची मुलगी त्याच्याकडे, आणि दोन वर्षांपासून त्याचा पार्टनर सोबत राहतो. मुलीच्या आईला सगळं माहिती. शहराबाहेरच्या नव्या सोसायटीत राहायला गेले तर लिफ्टमध्ये प्रश्न एकच, मिसेस काय करतात? हा म्हणायचा, जॉबसाठी बाहेर असते. शाळेच्या मीटिंगला हा आत आणि पार्टनर बाहेर गाडीत बसून.

पहिल्या सेशनला मी चुकलेच. म्हटलं घाई करू नका, आधी रुळा तिथे, मग बघू. दोन आठवड्यांनी तो आला तो हादरूनच, कारण मुलीने मैत्रिणीला सांगितलं होतं की घरातले ते काका आमच्याकडे भाड्याने राहतात, आणि हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, बाबाचं लिफ्टमधलं बोलणं ऐकून तिचं तिनेच जुळवलं होतं. प्रत्येकाला सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही, ते खाजगी. पण आठ वर्षांची पोर बोलताना जीभ आवरायला लागली की ते गुपित झालं, आणि त्याचं ओझं तिच्या डोक्यावर.

खोलात गेल्यावर त्याची भीती वेगळीच निघाली, आपणच तर तिचं नुकसान करत नाहीये ना? म्हणजे समलैंगिकता आजार नाही हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच मान्य केलंय हे त्याला पाठ होतं, तरी. मग मी त्याला अमेरिकेतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, १९८६ पासून लेस्बियन आयांची मुलं अगदी जन्मापासून मोठी होईपर्यंत त्यात बघितली गेली. मुलं इतरांसारखीच वाढली, त्रास झाला तो लोकांनी हिणवल्याचा. म्हणून शाळेत आणि शेजारी आपली चार माणसं असणं महत्त्वाचं.

त्याला एकदम सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकायचा होता, तो प्लॅन मी हाणून पाडला. आधी मुलीशी बोला म्हटलं. तिनेच वाक्य ठरवलं, "हे बाबाचे पार्टनर, आमच्या घरातलेच आहेत." मग क्लासटीचर, मग जिच्याशी ती रोज खेळते तिचे आईबाबा, बस. एक वाक्य बोलायचं आणि लगेच नेहमीच्या विषयावर यायचं, माफी मागितल्यासारखा चेहरा करायचा नाही, याची आम्ही तीन सेशन प्रॅक्टिस केली (पार्टनर जास्त छान बोलायचा).

टीचरने एवढंच विचारलं, फॉर्मवर दुसरा फोन नंबर यांचाच टाकू ना? पण एका घराने त्यांच्या मुलीला हिच्याकडे खेळायला पाठवणं बंद केलं. ही खूप रडली, बाबा घर बदलायला निघाला. त्या घरापुढे माझ्याकडेही काही उपाय नव्हता, ते लोक आजही लिफ्टमध्ये मोबाईलमध्ये डोकं घालून उभे राहतात.

मागच्या महिन्यात तो सांगत होता, तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दोघांना जिन्यात अडवलं. आता काय ऐकायला लागतंय म्हणून दोघं गप्प उभे. तर आजी म्हणाल्या, तुमच्या दोघांपैकी गणित कोण घेतं रे तिचं, आमच्या नातवाला पण बसव ना जरा.