कलम खोडण्याआधी कोर्टात येऊन बस

अंबाजोगाई

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

राज्याचे फौजदारी कायदे तपासून सोपे करायच्या कामात तुला मदतनीस म्हणून घेतलं, हे वाचून फार बरं वाटलं. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "काका, सुरुवात कुठल्या कायद्यापासून करू?" कायद्यापासून करूच नकोस. एखाद्या सोमवारी इकडे ये आणि तालुक्याच्या कोर्टात अकरा वाजता मागच्या बाकावर बस. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, काय लागलंय ते वाच. खून-दरोड्याची प्रकरणं सत्र न्यायालयात जातात. इथे राहतात ती 65 (ई), 12 (अ) आणि 110-117. कलमांचे हे आकडे हवालदारापासून कारकुनापर्यंत सगळ्यांच्या तोंडात असे बसलेत की कायद्याचं नाव कुणी घेतच नाही. पहिला दारूबंदीचा, 1949 चा. दुसरा जुगाराचा, 1887 चा. तिसरा पोलीस अधिनियम, 1951 चा, सार्वजनिक जागी असभ्य वागलं की लागतो तो. तिन्ही झाले तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात नव्हताच. 1956 मध्ये आपण तिकडे गेलो आणि मागाहून हे कायदे आपल्याला लागू झाले. पुढे 2012 मध्ये त्यांच्या नावातली मुंबई गेली आणि महाराष्ट्र आला. नावाची पाटी बदलली, इतकंच.

माझ्या एका पक्षकाराचं सांगतो. पोळ्याच्या दिवशी फाट्यावर पिशवीत देशीच्या नऊ बाटल्या घेऊन सापडला. विकायला नेत होता की भावकीला पाजायला, हे मला आजही माहीत नाही, आणि कायद्याला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही. 65 (ई) मध्ये विकणारा, विकत घेणारा आणि जवळ बाळगणारा एकाच ओळीत बसवलेत. दोषारोपपत्र गेलं, तारखा सुरू झाल्या. दसरा झाला की हा बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, म्हणजे फडावरून हलायची सोय नाही. समन्स घरी जायचं, घरी म्हातारी. दोन तारखा चुकल्या की अजामीनपात्र वॉरंट. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की चैत्रात गावी यायचा आणि पोलीस उचलून आणायचे. पुन्हा जामीनदार, पुन्हा मुचलका. असं चार वर्षं चाललं. रोजनाम्यात दरवेळी एकच ओळ, 'आरोपी गैरहजर'. तो मला म्हणायचा, "वकीलसाहेब, दंड किती बसंल तेवढं सांगा, भरून टाकतो. माझा कोयता बुडायलाय." शेवटी दोन्ही पंच फितूर झाले आणि तो सुटला. सुटला त्या दिवशी हिशेब केला, तर जाण्यायेण्यात आणि बुडालेल्या मजुरीत त्या नऊ बाटल्यांच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा गेला होता. त्यात माझी फीही आली, ती लपवत नाही.

आता यात तुझं काम कुठे आहे ते बघ. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणारा केंद्राचा नवा कायदा. तिच्या 229 व्या कलमात किरकोळ गुन्ह्यासाठी खास समन्स आहे. आरोपीने कोर्टात न येता गुन्हा कबूल असल्याचं लिहून दंड पाठवायचा, प्रकरण संपलं. जुन्या संहितेतही ते होतं, फक्त दंडाची मर्यादा एक हजार होती, आता पाच हजार झाली. पण अट अशी की त्या गुन्ह्याला निव्वळ दंडाचीच शिक्षा हवी. 110-117 त्यात बसतं. 65 (ई) बसत नाही, कारण तिथे कैद लिहिली आहे. न्यायाधीशाची इच्छा असली तरी ते दार उघडत नाही. म्हणजे राज्याच्या कायद्यातल्या एका 'कैद' या शब्दामुळे कुठल्याही गावचा माणूस चार वर्षं फरार ठरतो. आणि 110-117 ला ही सोय असूनही आमच्याकडे ती वापरलेली मी क्वचितच पाहिली. का, ते पेशकाराला, म्हणजे न्यायाधीशापुढे कागद ठेवणाऱ्या कारकुनाला विचार, माझ्यापेक्षा तो खरं सांगेल.

पण म्हणून 65 सरसकट खोडा, असं लिहून आलीस तर मी तुझ्याशी भांडेन. गावागावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केलेली आहे. जिचा नवरा पगाराच्या दिवशी हातभट्टीवरून पिऊन येतो, तिला हे कलम हवं आहे आणि ते कडक हवं आहे. म्हणून ओळ फोड. भट्टी लावणारा वेगळा, विकणारा वेगळा, पिशवीत चार बाटल्या नेणारा वेगळा. कायदा सोपा करणं म्हणजे शब्द कमी करणं नव्हे. इथे तर शब्द वाढतील. तसंच 2013 चा जादूटोणाविरोधी आणि 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या घराला विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

राज्याचा हात कुठवर पोचतो हेही ध्यानात ठेव. 1 जुलै 2024 पासून आलेले तिन्ही नवे फौजदारी कायदे केंद्राचे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही हातातल्या विषयांच्या यादीत आहे, त्यात राज्याला केंद्राच्या विरुद्ध जायचं तर राष्ट्रपतींची संमती लागते. दारू, जुगार हे मात्र राज्याचेच विषय. केंद्राने 2023 च्या जनविश्वास कायद्याने 42 कायद्यांतल्या तरतुदी सैल केल्या, त्याचा बोलबाला खूप झाला. त्यातून धंदेवाल्यांना दिलासा मिळाला, चांगलंच झालं. फाट्यावरच्या माणसाचं काय, ते तुमच्या टेबलावर आहे.

एक कायदा मात्र तू पहिल्याच आठवड्यात काढून वाच. 1959 चा भीक प्रतिबंधक. त्याच्या व्याख्येत भीक म्हणजे नुसता हात पसरणं नाही. गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं या निमित्ताने सार्वजनिक जागी दान घेणंही भीकच. आता आपल्या गल्लीत सकाळी कोण येतं ते आठव. वासुदेव, नंदीबैलवाला, अंगावर कोरडा ओढणारा पोतराज. हा कायदा जिथे लागू आहे तिथे पोलीस वॉरंटशिवाय यांना धरू शकतात, आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं संस्थेत डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरत्या त्यातल्या बऱ्याच तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. आपल्याकडे, जिथे तो जन्मला, तिथे तो उभाच आहे. ज्या जमातींवरचा गुन्हेगारीचा शिक्का 1952 मध्ये पुसला, त्यांच्यातलीच माणसं या व्याख्येत पुन्हा सापडतात. हे मी भाषणात सांगितलं तर टाळ्या पडतात. तू टिपणीत लिही, कलम आणि पोटकलमासकट.

भाषेचं थोडक्यात. 1998 पासून आपल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. पण कायद्याच्या मराठीत शेतात जनावरं घालून पीक तुडवलं तर ती 'आगळीक', वाट अडवली तर 'गैरनिरोध'. मी कोर्टात हे वाचलं की पक्षकार माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याच्यावर भलताच आरोप ठेवलाय. उलट फिर्याद, जबाब, मुद्देमाल, जामीन, मुचलका हे फारसीतून आलेले शब्द निजामाच्या काळापासून इथल्या म्हातारीलाही कळतात. शुद्धतेच्या नादात ते काढू नका. नवीन मसुदा झाला की बसस्टँडवरच्या चहावाल्याला एक कलम वाचून दाखव आणि त्याला काय समजलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घे.

येणार असशील तर दसऱ्याच्या आधी ये. ऊसतोडीच्या टोळ्या एकदा गाड्यांत बसल्या की चैत्रापर्यंत बोर्डावर नुसती नावं असतात, बाकावर कुणी नसतं. काकू म्हणते, मुक्कामालाच ये, आणि भीक कायद्याची मराठी प्रत मिळाली तर आण, माझी वाळवीने खाल्ली.

तुझा,
वकील काका